परिचारिकेच्या पदवीची वाटखर्ची

पावसाळ्याच्या तोंडावर प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की गोव्यातील पुष्कळ घरांतून एकच खल चालतो. मुलीने कोणता अभ्यासक्रम घ्यावा, कोठे घ्यावा आणि त्यास खर्च किती येईल? अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शाखांविषयी सल्ला देणारे आणि भाषणे करणारे पुष्कळ असतात. परिचर्येच्या, म्हणजे नर्सिंगच्या, शिक्षणाविषयी मात्र एवढी आस्था क्वचितच दिसते. आपले माणूस इस्पितळात खाटेवर पडलेले असते तेव्हा आपल्याला परिचारिका आठवते. ती कोठे शिकली, कशी शिकली आणि शिकण्यासाठी रोज कोठून कोठे गेली, हा प्रश्न आपल्या मनाला शिवतही नाही. आज तोच प्रश्न आम्ही विचारास घेत आहोत, कारण या प्रश्नाचा हिशेब घरोघरी चुकीचा मांडला जातो असे आमचे स्पष्ट मत आहे.

बारावी उत्तीर्ण मुलीस बी.एस्सी. नर्सिंगची पदवी चार वर्षांत मिळते. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे विषय बारावीला घेतले नसतील तर ही वाट तिला बंद असते. मग तीन वर्षांची जी.एन.एम. ही पदविका घेऊन ती नोंदणीकृत परिचारिका होऊ शकते. अशा पदविकाधारक परिचारिकेस पुढे पदवी हवी असेल तर पुन्हा चार वर्षे घालवावी लागू नयेत म्हणून दोन वर्षांचा ‘पोस्ट बेसिक’ अभ्यासक्रम आहे. आपल्या देशात परिचर्येची पदवी 1946 मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाली. पदविकाधारकांसाठी ही दोन वर्षांची आखूड वाट 1963 मध्ये तिरुवनंतपुरम येथे प्रथम निघाली. योगायोग असा की त्याच 1963 साली 1842 पासून चालत आलेल्या पणजीच्या ‘एस्कोला मेडिका’चे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आजच्या गोमेकॉत, रूपांतर झाले.

अमेरिकेत दुसऱ्या कोणत्याही विषयाची पदवी हाती असलेल्या माणसास अकरा ते अठरा महिन्यांत परिचर्येची पदवी देणारे ‘त्वरित’ अभ्यासक्रम आहेत. परदेशी गेलेल्या नातेवाइकांकडून आपल्या बी.ए., बी.कॉम. झालेल्या मुलींच्या कानावर ते येतात आणि तसे काही येथे असावे अशी त्यांची समजूत होते. तसे येथे काही नाही. येथे आखूड वाट एकच, ती पोस्ट बेसिकची. आणि तिच्या दाराशी उभे राहण्यापूर्वी जी.एन.एम. आणि परिचारिका म्हणून नोंदणी या दोन पायऱ्या चढलेल्या असाव्या लागतात. एका वर्षात, किंवा वर्गाचे तोंड न पाहता केवळ परीक्षेपुरते येऊन पदवी मिळवून देऊ, असे सांगणारा दलाल भेटल्यास त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावे. राज्याची परिचर्या परिषद ज्या पदवीची नोंदणी करीत नाही, ती पदवी भिंतीवर टांगण्यापलीकडे उपयोगाची नसते. परराज्यात प्रवेश घेणाऱ्यांनी तर पहिला हप्ता भरण्यापूर्वी गोव्याच्या परिषदेत जाऊन ही विचारणा अवश्य करावी.

आता मूळ हिशेबाकडे वळू. पेडण्याची, काणकोणची किंवा सत्तरीची एखादी परिचारिका पदवीसाठी चौकशी करू लागली की घरातील मंडळी कागद-पेन्सिल घेऊन बसतात. एका रकान्यात फी लिहिली जाते. दुसऱ्या रकान्यात वसतिगृह आणि खानावळ यांचा आकडा येतो, आणि तो पाहताच कोणीतरी वडीलधारा म्हणतो, ‘‘एवढे पैसे कशाला घालवायचे? रोज घरून ये-जा कर.’’ मग बसच्या पासाचे किंवा स्कूटरच्या पेट्रोलचे पैसे मांडले जातात. ते वसतिगृहाच्या मानाने थोडे असतात, आणि निर्णय होऊन जातो. त्या कागदावर एक रकाना कधीच आखला जात नाही. तो म्हणजे त्या मुलीच्या वेळेचा. तिच्या वेळेची किंमत शून्य असते असे गृहीत धरूनच आमच्या घरांतील पुष्कळसे अंदाजपत्रक तयार होते.

हा रकाना आपणच आखून पाहू. पेडण्याहून बांबोळीला जाणारी मुलगी म्हापशाला किंवा पणजीच्या स्टँडवर बस बदलते. वाट पाहण्याचा वेळ धरून जाण्यास दीड तास आणि येण्यास दीड तास, असे दिवसाचे तीन तास धरणे मुळीच अतिशयोक्तीचे नाही. 2025 मध्ये पर्वरीत उन्नत मार्गाचे काम चालू असताना ज्यांनी त्या रस्त्याने प्रवास केला ते हा आकडा कमीच म्हणतील. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर बहात्तर तास झाले. वर्षाचे दहा महिने आणि अभ्यासक्रमाची दोन वर्षे, म्हणजे वीस महिने. बहात्तर गुणिले वीस, एक हजार चारशे चाळीस तास. परिचर्येच्या अभ्यासक्रमात आठवड्याचे चाळीस तास धरण्याची रीत आहे. त्या मापाने हे छत्तीस आठवडे भरतात. बी.एस्सी.च्या नव्या सत्रपद्धतीत एक सत्र वीस आठवड्यांचे असते. म्हणजे जी विद्यार्थिनी वेळ वाचावा म्हणून दोन वर्षांची वाट निवडते, तिची जवळजवळ दोन सत्रे बसच्या खिडकीत संपतात! काणकोणची गोष्ट याहून कठीण. चावडीहून मडगाव आणि मडगावहून बांबोळी हे अंतर सुमारे पासष्ट किलोमीटर आहे. 2019 मध्ये काणकोणचा बगलमार्ग झाला, 2022 च्या डिसेंबरात नव्या झुआरी पुलाची पहिली बाजू खुली झाली, त्यामुळे पूर्वीचे हाल पुष्कळ कमी झाले हे मान्य केले पाहिजे. तरीही सकाळी सात-साडेसातला वॉर्डात उभे राहायचे असेल तर घरातून निघावे लागते ते पहाटे पाचच्या आतच.

समजा, दूरच्या महाविद्यालयाची फी जवळच्याहून दोन वर्षांत मिळून साठ हजार रुपयांनी कमी आहे. घरातील सर्वांना तो व्यवहार फायद्याचा वाटतो. परंतु त्या साठ हजारांसाठी मुलीचे एक हजार चारशे चाळीस तास गेले असतील तर एका तासाचा भाव बेचाळीस रुपयांपेक्षाही कमी पडला. खासगी इस्पितळांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानुसार केंद्राने तज्ज्ञांची समिती नेमली होती. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या लहान इस्पितळातही परिचारिकेस महिना वीस हजार रुपयांहून कमी देऊ नये असे त्या समितीने सुचवले. ती शिफारस किती ठिकाणी पाळली जाते याविषयी परिचारिकांनाच विचारावे. पण तोच आकडा घेऊन, सव्वीस दिवस आणि आठ तासांची पाळी धरली तर तासाला शहाण्णव रुपये होतात. अर्थात किमान म्हणून सुचवलेल्या मजुरीच्या निम्म्याहूनही कमी भावाने आपण आपल्या मुलीचा वेळ विकतो, आणि त्याला काटकसर म्हणतो.

विवाहित परिचारिकेची स्थिती तर याहून बिकट असते. पोस्ट बेसिकला येणाऱ्यांत संसार मांडलेल्या, लहान मुले असलेल्या स्त्रिया काही थोड्या नसतात. त्यांच्यासाठी रोजची ये-जा म्हणजे दिवसाच्या दोन्ही टोकांना घरकाम, आणि मध्ये वॉर्ड, वर्ग आणि बस. अभ्यास कधी करायचा? तर सगळे निजल्यावर. वसतिगृहात राहणारी तिची सहाध्यायिनी संध्याकाळी पाच वाजता पुस्तक उघडते, तेव्हा ही मडगावच्या स्टँडवर रांगेत असते. परीक्षेत मागे पडली की ‘‘हिला आता या वयात जमत नाही’’ असे म्हणायला लोक मोकळे. वयाचा येथे काय संबंध? संबंध आहे तो त्या रांगेचा. आणि रात्रपाळी संपवून झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी राष्ट्रीय महामार्गावरून स्कूटर हाकीत घरी परतणाऱ्या मुली आम्ही सर्वांनीच पाहिलेल्या आहेत. त्या प्रवासातील धोका कोणत्या रकान्यात मांडायचा?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा काढली तेव्हा विद्यार्थिनींच्या निवासाची व्यवस्था शिक्षणाचाच भाग म्हणून केली होती. त्या व्यवस्थेत शिस्तीचा काच पुष्कळ होता, आणि तो आज कोणी मागणार नाही. पण पाळीने चालणारे काम शिकायचे तर कामाच्या जवळ राहिले पाहिजे, एवढा व्यवहार त्यामागे होता. आमच्याकडे वसतिगृह म्हणजे चैन, अशी समजूत कोठून आली हे कळत नाही.

याला आणखी एक नियमाची बाजू आहे, आणि तिची कल्पना प्रवेश घेताना फार थोड्यांना असते. इतर महाविद्यालयांत दोन-चार दिवस बुडाले तर कोणी मैत्रीण आपली वही देते. परिचर्येत तसे चालत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार परीक्षेस बसण्यासाठी ऐंशी टक्के उपस्थिती लागते. परंतु पदवी हाती पडण्यापूर्वी प्रत्यक्ष वॉर्डातील कामाची उपस्थिती शंभर टक्के भरावी लागते. घाटात दरड कोसळली, बस बंद पडली, मुलगा तापाने फणफणला, कारण कोणतेही असो, बुडालेला दिवस माफ होत नाही. तो नंतर भरून द्यावा लागतो. जिला रोज तीन-चार तास रस्ता तुडवायचा आहे तिचे असे दिवस अधिक बुडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. दोन वर्षांची पदवी मग सव्वादोन-अडीच वर्षांवर जाते आणि वाचवलेले पैसे त्या शेवटच्या महिन्यांत निघून जातात.

एवढे वाचून, मग घराजवळचे महाविद्यालय हेच उत्तम, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा होईल. परिचर्येचे शिक्षण इमारतीत मिळत नाही, ते रुग्णाच्या खाटेशी मिळते. विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत असे प्रमाण परिषदेने घालून दिले आहे. महाविद्यालय दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, परंतु त्याच्या इस्पितळातील निम्म्या खाटा रिकाम्या आहेत, असे असेल तर ती जवळीक काय कामाची? नाडी आणि रक्तदाब मोजण्यापलीकडे हाताला काम मिळाले नाही तर पदवी मिळूनही हात कोरेच राहतील. उलट बांबोळीच्या गोमेकॉत हजाराहून अधिक खाटा आहेत. अपघात, बाळंतपण, हृदयविकार, सर्व काही तेथे येते. मनोरुग्णांचे इस्पितळही त्याच परिसरात आहे. शासनाची परिचर्या-शिक्षणाची संस्था त्या सर्वांच्या शेजारी असणे हा तिचा फीच्या आकड्याहूनही मोठा गुण होय. म्हापशाचे आणि मडगावचे जिल्हा इस्पितळ ही तशीच गजबजलेली ठिकाणे. तेव्हा महाविद्यालय पाहण्यास जाल तेव्हा प्राचार्यांच्या खोलीत चहा घेऊन परत येऊ नका. दुपारच्या वेळी त्यांच्या इस्पितळाच्या वॉर्डातून एक फेरी मारा आणि किती खाटांवर माणूस आहे ते डोळ्यांनी पाहा. तेथे काम करणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीस हळूच विचारा, की मानसिक आजारांच्या, बालरुग्णांच्या आणि ग्रामीण आरोग्याच्या कामासाठी तुम्हाला कोठे पाठवतात, आणि नेण्या-आणण्याचा खर्च कोण करते. माहितीपत्रकात हा खर्च सापडत नाही.

बेळगावचा विचार करणाऱ्या गोमंतकीयांनी आणि सीमाभागातून गोव्यात येऊ पाहणाऱ्या मुलींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. बेळगावात परिचर्येची महाविद्यालये आहेत, मोठी इस्पितळे आहेत, आणि मराठी बोलणाऱ्या मुलीस ते शहर परके वाटत नाही. परंतु पणजी-बेळगाव हे चोर्ला घाटातून शंभरावर किलोमीटरचे अंतर रोज ये-जा करण्याचे नव्हे. तेथे वसतिगृह अपरिहार्य, आणि त्याचा खर्च फीमध्ये मिळवूनच तुलना करावयास हवी. मानसिक आजारांच्या वॉर्डाचा अनुभव घेण्यासाठी उत्तर कर्नाटकात मोठी संस्था आहे ती धारवाडला. तेथे काही आठवडे राहावे लागणार असेल तर तोही खर्च वेगळा. वॉर्डातील रुग्णांत कन्नड बोलणारे बहुसंख्य असतील, म्हणून कामापुरते कन्नड शिकण्याची तयारी ठेवावी. हे ओझे समजू नये. ज्या रुग्णाची भाषा परिचारिकेस कळते त्याचे दुखणे तिला निम्मे कळलेले असते.

नोकरी सोडून शिकणाऱ्या परिचारिकेच्या हिशेबात आणखी एक मोठा आकडा येतो. वर सांगितलेल्या वीस हजारांच्याच मापाने दोन वर्षांचा बुडालेला पगार चार लाख ऐंशी हजार रुपये होतो. पुष्कळदा फी, वसतिगृह आणि पुस्तके या सगळ्यांची बेरीज याहून कमी असते! म्हणूनच सरकारी सेवेत कायम असलेल्या परिचारिकेने राजीनामा देण्यापूर्वी अभ्यासरजेचा नियम नीट वाचावा. पाच वर्षांच्या सेवेनंतर संपूर्ण नोकरीत मिळून चोवीस महिन्यांपर्यंत अभ्यासरजा मंजूर होऊ शकते, अट एवढीच की परत येऊन ठरावीक वर्षे सेवा करण्याचा करार लिहून द्यावा लागतो. ही रजा हक्काने मिळत नाही, वरिष्ठांच्या मर्जीवर आणि वॉर्डातील मनुष्यबळावर अवलंबून असते. तरी अर्जच न करणे हा निव्वळ भिडस्तपणा झाला. कंत्राटी परिचारिकेस मात्र या नियमाचा आधार नाही. जिला पदवीची निकड सर्वाधिक, तिलाच पगार सोडून शिकावे लागते.

अशा परिचारिकेने आखूड वाटच धरली पाहिजे असेही नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने सेवेतील, किमान दोन वर्षांचा अनुभव असलेल्या परिचारिकांसाठी तीन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम आखला, तो नोकरी सांभाळून करण्यासाठी. चालू वर्षी प्रवेश आहेत का, आणि प्रत्यक्ष कामाचे केंद्र कोठे दिले जाईल, याची चौकशी विद्यापीठाकडेच करावी. केंद्र दोन जिल्हे ओलांडून असेल तर तेथेही वाटखर्चीचा हिशेब आलाच. पण पगार चालू ठेवून तीन वर्षे की पगार सोडून दोन वर्षे, हा प्रश्न कागदावर मांडला तर लांब दिसणारी वाट कित्येकींना स्वस्त पडेल. ज्यांना कर्जच काढावे लागणार आहे त्यांनी बँकेच्या दारी जाण्यापूर्वी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्ज योजनेत आपला अभ्यासक्रम बसतो का, ते पाहावे.

येथवर आम्ही पालकांशी आणि परिचारिकांशी बोललो. आता शासनाशी दोन शब्द. 2014 नंतर निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून एकशे सत्तावन्न परिचर्या महाविद्यालये उभारण्याचा निर्णय केंद्राने 2023 मध्ये घेतला. गोव्याचे वैद्यकीय महाविद्यालय त्याहून फार जुने, म्हणून ते या निकषात बसत नाही. जुनेपणाचा असाही तोटा असतो. तेव्हा येथे जे करावयाचे ते राज्यानेच करावे लागेल. मडगावच्या जिल्हा इस्पितळात रुग्ण आहेत, वॉर्ड आहेत, इमारत आहे. दक्षिण गोव्यातील विद्यार्थिनींचा जास्तीत जास्त प्रत्यक्ष कामाचा काळ तेथेच का ठेवता येऊ नये? सांगे, केपे आणि काणकोणच्या मुलींचा निम्मा रस्ता एवढ्याने वाचेल. पहाटेची पाळी गाठणारी आणि सायंपाळी सुटल्यावर परत नेणारी अशी एकेक बस काणकोण, पेडणे आणि वाळपई या तीन टोकांवरून सोडणे कदंब महामंडळास जड जाऊ नये. त्या बसने विद्यार्थिनीच नव्हे, तर परिचारिका, सफाई कामगार आणि रुग्णांचे नातेवाईकही येतील. आणि वसतिगृहात विवाहित, सेवेतील परिचारिकांसाठी काही खोल्या वेगळ्या ठेवाव्या. सोबत लहान मुलांसाठी पाळणाघर असेल तर, घरच्यांचा विरोध म्हणून पदवीचा विचार सोडून देणाऱ्या कित्येक जणी परत फिरतील.

या गोष्टींना पैसा आणि वेळ लागेल हे आम्ही जाणतो. पण एक गोष्ट याच प्रवेशाच्या वेळी करता येण्यासारखी आहे. प्रत्येक परिचर्या महाविद्यालयाने, मग ते शासकीय असो की खासगी, आपल्या माहितीपत्रकात एक पान वाढवावे. कोणत्या वर्षी कोणत्या इस्पितळात किती आठवडे काम, ते इस्पितळ महाविद्यालयापासून किती किलोमीटर, पाळ्या किती वाजता, नेण्या-आणण्याची सोय कोणाची, वसतिगृहात जागा किती आणि त्यांपैकी रिकाम्या किती, एवढे त्या पानावर छापले जावे. आरोग्य खात्याने आणि विद्यापीठाने तसे पत्र काढले तर प्रवेशअर्ज भरण्याच्या आधीच ते पान पेडण्याच्या आणि काणकोणच्या घरांत पोहोचेल, आणि घरातील मंडळींना तो राहिलेला रकाना आखता येईल.